कंदील होता की बल्ब

"डॅडी, आजी गेली त्या रात्री खोलीत कंदील होता की बल्ब?"

प्रश्न वेनीचा नव्हता, जॉनेटाचा होता. शुक्रवारी शाळेच्या जेवणघरात जॉनेटाने तो कागदी रुमालावर लिहून वेनीच्या ताटात ठेवला आणि वर म्हणाली, "रविवारी सकाळी विचारायचा, तोंडावर. नाहीतर सुट्टी लागेपर्यंत माझं दप्तर उचलायचं." टेबलावरच्या बाकीच्या पोरींनी चमचे आपटून पैज पक्की केली.

प्रश्नाला कारण होतं. वेनीचे डॅडी, होझिया पेटीफर्ड, हे 'पिसगा हार्मोनायर्स'चे मुख्य गायक. मेम्फिसमधल्या चर्चमध्ये गाणारा एकही जथा असा नव्हता की ज्याच्याकडे आईचं गाणं नाही, पण डॅडींच्या गाण्याची सर कुणालाच नव्हती. गाणं अर्ध्यावर आलं की ते गायचे थांबत, वाद्यं खाली उतरत आणि डॅडी नुसते बोलू लागत. आई खाटेवर आहे. अंगावर पांढरी चादर आहे. अर्धा पेला पाणी मागतेय. डोक्यावर हात ठेवून म्हणतेय, होझिया, माझ्यामागे गाणं सोडू नकोस. एवढं झालं की पुढच्या बाकांवरच्या बायका हातपंखे टाकून उभ्या राहत. चर्चमधल्या मुलींना तर ते सगळं शाळेच्या प्रार्थनेसारखं पाठ होतं. म्हणूनच जॉनेटाच्या कानाला खटकलं. फेब्रुवारीत ब्राउन्सव्हिलच्या चर्चमध्ये सांगताना डॅडींनी कंदिलाची वात बारीक केली होती, आणि मार्चमध्ये कव्हिंग्टनला त्याच रात्री, त्याच खोलीत, हात वर करून बल्ब मालवला होता.

"कंदील," डॅडी म्हणाले.

"बल्ब," शेगडीपाशी उभी असलेली मम्मा त्याच क्षणी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मम्माच्या हातातल्या डावातून मक्याची पेज टपकन खाली पडली.

"आधी बल्ब होता," डॅडी म्हणाले. "मग वीज गेली. मग कंदील."

"पाऊस होता का?"

"खा."

"नाही, वीज गेली म्हणजे पाऊस असणार, आणि ब्राउन्सव्हिलला तुम्ही म्हणालात की खिडकीतून चांदणं..."

"लुवेनिया." डॅडींनी तिचं पूर्ण नाव घेतलं की ते पूर्णविरामासारखं असायचं. "मेलेल्या माणसाच्या उजेडाची चौकशी करू नये. बिस्किट खा आणि बासच्या तारा पुसून घे. आज मदर्स डे आहे, हॉल भरणार आहे."

वेनीने बिस्किट पाकात बुडवलं. ती मनातून खूश होती. पैज जिंकली होती, आणि दोन उत्तरं मिळाली होती.

खरं तर गेल्या चार महिन्यांत वेनीला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत हार्मोनायर्सचा बासवाला नोकरीसाठी डेट्रॉइटला निघून गेला आणि त्याची बास गिटार या सोळा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात पडली. पहिले दोन रविवार तिने मान वर केली नाही. तिसऱ्या रविवारी तिने आईच्या गाण्याखाली एक चार सुरांची फिरती चाल टाकली. जाडजूड, चिखलात पाय रुतवत चालल्यासारखी, कमरेतून हलणारी. गिटारवाल्या ब्रदर टायरीने पायाखालचं आवाज वळवणारं पेडल दाबून गिटार माणसासारखी कण्हवली, ढोलवाल्याने दात काढले आणि मागच्या बाकावरचे म्हातारेसुद्धा टाळ्या धरू लागले.

"पोरी, हे देवाचं घर आहे," डॅडी नंतर म्हणाले होते. "दारूचा गुत्ता नाही."

"मग तुमचा पाय कशाला हलत होता, डॅडी?"

महिनाभरात त्याच चालीसकट गाण्याची रेकॉर्ड निघाली, बोलण्याचा भागही तिच्यात आला आणि रविवारी सकाळी रेडिओवर ती वाजू लागली. येत्या रविवारी तर रेडिओ स्टेशनच्या हॉलमधून थेट प्रक्षेपण होतं, चार राज्यांत ऐकू जाणारं. स्टेशनवाल्यांना दुसरं काही नको होतं. आईचं गाणं हवं होतं, बोलण्यासकट.

दुपारी तीनला माऊंट पिसगा टेबरनॅकलच्या दारात जॉनेटा फुलांची टोपली घेऊन उभी होती. पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे, चर्चच्या स्वयंसेविकांच्या नियमाप्रमाणे. येणाऱ्या प्रत्येकाला ती हळूच विचारायची, "आई आहे की गेली?" असली तर लाल फूल, गेली असली तर पांढरं. डॅडींना तिने न विचारताच पांढरं लावलं. सतरा वर्षं ते पांढरंच लावत होते.

वेनीला लाल फूल टोचता टोचता ती कुजबुजली, "काय म्हणाले?"

"दोन्ही."

"दोन्ही कसे असतील?"

"तेच तर."

जॉनेटाने डोळे मोठे केले, पण मागून पाहुण्यांचा लोंढा येत होता.

पाच जथे गाऊन गेले. हॉल तापला होता. हार्मोनायर्स शेवटी उभे राहिले, मोहरीच्या रंगाचे कोट घालून. वेनीने मम्माने शिवलेला त्याच कापडाचा घागरा घातला होता. आईचं गाणं सुरू झालं. वेनीने ती चाल धरली आणि नेहमीसारखी तिच्या पायांखालची फळी थरथरू लागली. कधी नव्हे ते आज तिला वाटलं, हे सगळं आपल्या दोन बोटांवर उभं आहे. वरचं गाणं, रडणाऱ्या बायका, डॅडींचा आवाजसुद्धा.

वाद्यं उतरली. डॅडी बोलू लागले.

"मला आठवतंय," ते म्हणाले. "आई खाटेवर होती."

"सांगा, ब्रदर," लोक म्हणाले.

तेवढ्यात कडेच्या वाटेने जॉनेटा आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसरा पाठीमागे, चाल अगदी नियमातली. तिने पेला वेनीच्या स्पीकरवर ठेवला, वाकली आणि कानात म्हणाली, "मागच्या बाकावर हिरव्या टोपीची बाई आहे. मी विचारलं, आई आहे की गेली? म्हणाली, माझी गेली, मला पांढरं दे. पण तो वर पांढरं लावून उभा आहे ना, त्याला म्हणावं लाल लाव. मी त्याची आई."

वेनीने तिच्याकडे पाहिलं.

"शपथ," जॉनेटा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. "कंदील-बल्ब गेलं चुलीत, बाई चालत आलीय."

वेनीची बोटं चालत राहिली. हेच तिला पुढे कितीतरी दिवस भयंकर वाटणार होतं. तिच्या कानात भुंगा घुसल्यासारखं झालं होतं, आणि बोटं मात्र चार सूर, परत चार सूर, जशी काही दुसऱ्याच कुणाची.

हिरवी टोपी उठली.

ठेंगणी, रुंद हाडाची, साठीच्या आतबाहेरची बाई. काखेत पर्स दाबून ती मधल्या वाटेने सरळ पुढे येऊ लागली. डॅडी डोळे मिटून पांढऱ्या चादरीपर्यंत पोचले होते.

"मी मेले नाही," बाई म्हणाली.

"आमेन," अख्खा हॉल म्हणाला.

"अरे, मी जिवंत आहे."

"जिवंत आहे. सांगा, मदर, सांगा."

"मी हेलिनाला राहते."

"देवाचे आभार माना."

"त्याला विचारा ना, तो उभा आहे समोर."

"त्यालाच विचारा. हो, हो, त्याच्यावाचून कुणाला विचारणार," म्हणत मदर ओफेलिया हात वर करून उभी राहिली. पुढच्या बाकावरची ही सर्वांत वडीलधारी बाई, तिने हात वर केला की चर्च उठायचंच. पांढऱ्या टोप्यांच्या दोन नर्सबाया धावल्या. पवित्र आत्मा अंगात आलेल्या माणसाने पडून डोकं फोडून घेऊ नये म्हणून ज्या उभ्या असतात, त्या. एकीने दंड धरला, दुसरी पंख्याने वारा घालू लागली.

"सोडा मला."

"तुम्हीच सोडा स्वतःला, मदर. अडवू नका आत्म्याला."

इतक्या वेळात डॅडींनी डोळे उघडले. ते "अर्धा पेला पाणी" म्हणत होते. ते पाणी तोंडातच राहिलं. वेनी त्यांच्या पाठीशी होती, चेहरा दिसत नव्हता, पण कोटाचे खांदे एकदम खाली आलेले तिने पाहिले. कपड्यांच्या दोरीवरून हँगर निसटावा तसे. मग त्यांनी मागे न बघता एक बोट हवेत गोल फिरवलं. म्हणजे, थांबू नका, परत त्याच फेऱ्यावर.

आणि ते गाऊ लागले. शब्द नव्हते. नुसता हुंकार, पोटाच्या तळातून खरवडून काढलेला, तुटलेला, गंजलेल्या लोखंडासारखा. असं ते कधीच गायले नव्हते. तीन बायका जमिनीवर आल्या. ढोलवाला रडत होता. लोक म्हणाले, आज होझियावर आत्मा उतरला. हॉलमध्ये फक्त मोजक्या जणांना ठाऊक होतं की काय उतरलंय, आणि त्यांतली एक बाई दोन नर्सांच्या हातांवर अधांतरी होऊन दाराबाहेर चालली होती.

चर्चच्या स्वयंपाकघरात तिला खुर्चीवर बसवलं होतं. कपाळावर ओला टॉवेल, मांडीवर तळलेल्या कोंबडीची बशी. नर्स म्हणाली, "अशक्तपणा येतो नंतर, खा," आणि गेली. वेनी दारात उभी राहिली.

"तू बासवाली," बाई म्हणाली.

"हो, मॅडम."

"मॅडम तुझी मास्तरीण. मी मोझेल. तुझी आजी. बस." तिने कोंबडीचा तुकडा मोडून वेनीपुढे धरला. "ती चाल कुणी शिकवली तुला?"

"कुणी नाही. डॅडी दाढी करताना गुणगुणतात ती. मी तारांवर घेतली."

आजी चावायची थांबली.

"ती माझी आहे," ती म्हणाली. "दर शनिवारी माझ्याकडे मासे खायला, दारू प्यायला येणारे लोक नाचतात त्यावर. त्याच्या पाळण्यापाशी वाजवायचे मी ती. बघ, मला मारलं ते मारलं, वर चालही नेली पोराने."

"तुम्हाला कसं कळलं?"

"रेडिओ. रविवारी सकाळी मासे साफ करत होते. आवाज ऐकला, हातातली सुरी ठेवली. कामाच्या पोरींना म्हटलं, गप्प बसा गं, माझा होझिया गातोय. सतरा वर्षांनी ऐकत होते मी. म्हटलं, काय पिकलाय आवाज. मग नीट ऐकते तर मी मेलेली." तिने टॉवेल काढून नीट घडी घातली. "मरण चांगलं दिलंय म्हणा त्याने. पांढरी चादर. माझ्याकडे पांढरी चादर कधी नव्हतीच, मासे तळणाऱ्या घरात ती टिकते होय?"

वेनीला हसू आलं आणि लगेच हसू आल्याची लाज वाटली.

"आजी," ती म्हणाली. तो शब्द तिने जिवंत माणसाला आयुष्यात प्रथमच वापरला. "तिथे... काय होतं? कंदील होता की बल्ब?"

"कुठे?"

"ते तुम्हाला सोडून निघाले तेव्हा."

"दुपारचे दोन वाजले होते," आजी म्हणाली. "लख्ख ऊन. दिव्याचं काय काम."

दार उघडलं. रेव्हरंड स्ट्रिकलंड घाम पुसत आत आले, त्यांच्यामागून मम्मा, आणि शेवटी डॅडी. पांढरं फूल अजून कोटावर होतं.

"मदर," रेव्हरंड दोन्ही हात पुढे करत म्हणाले, "आज तुम्ही आमचं चर्च पेटवलंत. कुणाकडच्या तुम्ही? कुणाच्या नात्यातल्या?"

आजीने फक्त डॅडींकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानदार गिऱ्हाईकाकडे पाहतो तसं, बाबा, काय हवंय ते तू सांग.

वेनी वाट पाहत होती. आता सांगतील. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, एक शब्द तर आहे.

"हेलिनाहून आल्यात," डॅडी म्हणाले. "पाहुण्या आहेत."

वेनीच्या डोळ्यांपुढे शेगडी, नळ, बशी सगळं क्षणभर पांढरं झालं. मघाशी बाई वाटेवरून चालत आली तेव्हा तिला वाटलं होतं की याहून मोठा धक्का बसणार नाही. तो धक्का आत्ता खरा बसला. तिने मम्माकडे पाहिलं. मम्मा जमिनीकडे पाहत होती, आणि तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

वेनीने तोंड उघडलं. ज्या पोरीला काहीही विचारायची भीती नव्हती, तिच्या जिभेला कुणी गाठ मारली होती.

"हो, पाहुणी," आजी म्हणाली. "साडेपाचची बस आहे माझी." तिने बशी ओट्यावर ठेवली, टोपी सरळ केली. दारात जॉनेटा टोपली घेऊन ताटकळली होती. आजीने टोपलीतून एक लाल फूल उचललं आणि वेनीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली. "त्याच्यासाठी. लावेल तेव्हा लावेल. आणि तो तिसरा सूर तू फार लवकर सोडतेस. ये, दाखवीन."

जॉनेटा तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला गेली. रेव्हरंड म्हणाले, काय तेज आहे हो बाईंच्या चेहऱ्यावर.

गाडी घरच्या वाटेला लागली. मागच्या सीटवर वेनी, मांडीवर बास, मुठीत फूल.

"तुला माहीत होतं?" तिने मम्माला विचारलं.

"लग्नाच्या आदल्या दिवसापासून."

"आणि तू बल्ब म्हणालीस."

"सकाळी घाईत जे आठवलं ते म्हणाले."

डॅडींनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंग सोडलं नाही.

"एकवीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "आमच्याआधी शिकागोचा एक जथा गायला. त्यांच्या गायकाची आई खरंच वारली होती. हॉल रडून भिजला होता. मग आमची पाळी. माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं, वेनी. गाणं अर्ध्यावर आलं आणि मी म्हणून टाकलं, माझीही आई गेली. मदर ओफेलियाने मला छातीशी धरलं. म्हणाली, आजपासून मी तुझी आई. मग त्यानंतर कसं सांगणार होतो?"

"तेव्हा आजी काय करत होती?"

"शनिवारची तयारी करत असेल."

"तिने घराबाहेर काढलं होतं तुम्हाला?"

"नाही." डॅडींचा आवाज मघाच्या गाण्यातल्यासारखा खरवडून आला. "मीच निघालो. म्हटलं, तुझ्या घरात दारू आहे, नाच आहे, मी देवाला निवडतोय. ती म्हणाली, निवड, पण बिस्किटं घेऊन जा, गरम आहेत."

"खाल्लीत?"

"सगळी."

एक ट्रक शेजारून गेला, गाडी हलली. मम्माने डॅडींच्या कोटावरच्या पांढऱ्या फुलाला हात लावला आणि काढून घेतला.

"रेडिओचं एकदा होऊ दे," डॅडी म्हणाले. "चार राज्यं ऐकणार आहेत. हार्मोनायर्सना सतरा वर्षांत असं दार उघडलं नव्हतं. त्यानंतर बघू, हळूहळू सांगू. तू नेहमीसारखी वाजव. वाजवशील ना?"

"आजी रेडिओ ऐकते, डॅडी."

आरशात वेनीला त्यांचे डोळे दिसले आणि मग दिसेनासे झाले. तिच्या जिभेची गाठ सुटली होती. तिने बास बाजूला ठेवली, दोन सीटच्या मधून पुढे वाकली आणि ते चुरगळलेलं लाल फूल गाडीच्या काचेपाशी, दोघांनाही दिसेल असं ठेवलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "रविवारी मी वाजवणार. गाणं सगळं वाजवणार, जीव तोडून वाजवणार. पण तुम्ही खाटेपाशी आलात, ती चादर काढलीत, की मी बासवरचा हात उचलणार आणि परत ठेवणार नाही, मग चार राज्यांना काय ऐकू जायचं ते जाऊ दे. रेव्हरंडनी कारण विचारलं तर म्हणेन, डॅडींना विचारा. आणि शाळेला सुट्टी लागली की मी हेलिनाला जाणार आहे, दोन महिने, आजीकडे. बास घेऊन. शनिवारीसुद्धा तिथेच राहणार."